साध्या मजकुरात तळटिपा: मार्कडाउन, हंसपद आणि वडिलांच्या वह्या

विहीरकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वडिलांनी शेतीच्या आठवणी तीन दोनशेपानी वह्यांत लिहून ठेवल्या आहेत. गेले आठ महिने मी त्या टाइप करतोय. मोट, पाभर, खळं, मळणी, सगळं आहे त्यात. त्यातले निम्मे शब्द माझ्या मुलीला कळत नाहीत आणि बरेचसे मलाही वडिलांना विचारावे लागतात. विचारलं की ते इतकं नेमकं सांगतात की ते मूळ मजकुरात घुसडायला जीव होत नाही. म्हणून तळटिपा. आजवर १४० झाल्या.

सुरुवातीला मी आकडे हातानं घातले. मजकुरात कंसात १२, शेवटच्या पानावर १२ समोर अर्थ. वडिलांना मधेच एखादा शब्द आठवला की तिथून पुढचे सगळे आकडे सरकवायचे. मग एका ठिकाणी अक्षरजुळणीला दिलं. फाँट बदलताना एक टीप गळाली आणि पुढच्या चाळीसेक टिपा एकेक घर सरकल्या. थारोळ्याच्या जागी पाभरीचा अर्थ आला. वडिलांनी दोन पानं वाचली, प्रिंट मिटली आणि काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायचं ठरवलं.

आता मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच चिन्हांनी मांडणी दाखवायची पद्धत) लिहितो आणि पॅनडॉक नावाच्या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं त्याचं पुस्तक, वेबपान किंवा ई-बुक करतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, फाइलमध्ये असं दिसतं:

    मोटेला दोन दोर लागतात, नाडा[^नाडा] आणि सोंदूर[^सोंदूर].

    [^नाडा]: मोटेच्या वरच्या तोंडाला बांधायचा जाड दोर. हा चाकावरून जातो.

चौकटी कंस, त्यात हंसपद (^), मग टिपेचं नाव. खाली तीच खूण, तिच्यापुढे अपूर्णविराम आणि अर्थ. बस. आकडे पॅनडॉक घालतो, खुणा मजकुरात ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं. मधे नवी टीप आली तरी पुढचं काही हलवावं लागत नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: टिपेला आकडा देऊ नका, नाव द्या. [^१२] लिहिलं तरी चालतं, पण मग पुन्हा तीच गत. [^थारोळं] लिहिलं की सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी ती टीप कशाची आहे हे खुणेतच दिसतं. आणि मराठी नाव चालतं, रोमन लिपीत काही लिहायची गरज नाही. नावात जागा मात्र सोडायची नाही. [^मोटेची धाव] चालणार नाही, [^मोटेची-धाव] चालेल.

आता अडचण. १४० पैकी दोन टिपा काही केल्या लागत नाहीत. पहिली ही:

    [^सोंदूर]ः मोटेच्या सोंडेला बांधायचा बारीक दोर.

मजकुरात चौकटी कंस आणि हंसपद जसंच्या तसं छापून येतं आणि ही ओळ वेगळा परिच्छेद म्हणून खाली पडते. दुसरी पऱ्हाटीची. तिथं तर खूण आणि टीप अक्षर न् अक्षर सारखी आहे, तरी जुळत नाही. पॅनडॉक फक्त इशारा देतो की ही टीप लिहिली आहे पण कुठे वापरलेली नाही. दोन रात्री गेल्या. कुणाला काही दिसतंय का?

---

माजघर

पहिलीचं उत्तर मिळालं. तुमच्या ओळीत अपूर्णविराम नाहीच, विसर्ग आहे. डोळ्याला दोन्ही दोन टिंबंच, पण यंत्राच्या लेखी विसर्ग हे अक्षराला चिकटणारं चिन्ह आहे. चौकटी कंसापुढे विसर्ग आला की ती टिपेची व्याख्या राहत नाही. कर्सर त्या दोन टिंबांच्या मागे नेऊन पाहा. काही फाँटमध्ये विसर्गाच्या जागी टिंबांचं वर्तुळही दिसतं.

तुम्ही इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर, टाइप करता का? मी करते, म्हणून विचारलं. त्या कीबोर्डवर अपूर्णविराम नाही. त्याच्या कळीवर च आणि शिफ्टबरोबर छ. विसर्ग मात्र हाताशी असतो, म्हणून बोट तिकडे जातं. आपल्याकडे पत्रिकांवर आणि पाट्यांवर "स्थळः" असं विसर्गानंच लिहितात, तेव्हा डोळ्यालाही खटकत नाही.

---

विहीरकाठ

माजघर ताई, विसर्गच होता. बदलला आणि टीप लागली. किती आभार मानू! हो, इन्स्क्रिप्टच. आणि खरं सांगायचं तर ती खूण लिहिणं हेच सगळ्यात त्रासाचं आहे. चौकटी कंसाच्या कळीवर ड, शिफ्ट आणि ६ दाबलं की हंसपदाऐवजी त्र, बंद कंसाच्या कळीवर नुक्ता. भाषा बदलायला विसरलो की [^ च्या जागी डत्र उमटतं. एका खुणेसाठी इंग्रजी, मराठी, इंग्रजी, मराठी असे चार वेळा कीबोर्ड बदलतो.

---

माजघर

बदलू नका. एडिटरमध्ये शॉर्टकट करून ठेवा: एक कळ दाबली की कंस, हंसपद आणि बंद कंस एकदम यावं आणि कर्सर मधे थांबावा. तेवढं जमत नसेल तर मी सुरुवातीला करायचे तसं करा. गोल कंस इन्स्क्रिप्टवर आहेत. टाइप करताना ((नाडा)) लिहायचं, प्रकरण संपलं की शोधा-बदलानं दुहेरी गोल कंसाच्या जागी पक्की खूण घालायची. लिहिण्याची लय मोडत नाही. मी आईच्या पाककृतींच्या दीडशे पानांना असंच केलं.

---

रात्रपाळी

पऱ्हाटीचं सांगतो. दोन्ही ठिकाणचे शब्द मी कॉपी करून अक्षरं मोजली. टिपेतल्या "पऱ्हाटी"त सात कॅरेक्टर आहेत, मजकुरातल्या "पर्‍हाटी"त आठ. पहिल्यात युनिकोडमधला स्वतंत्र ऱ आहे आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्हींची रफारासारखी आडवी रेघ सारखीच उमटते. तुम्ही अर्धं फोनवर आणि अर्धं कॉम्प्युटरवर टाइप केलं असणार.

नाव जुळवताना पॅनडॉक दिसणं बघत नाही, कॅरेक्टर बघतो. उपाय: सगळ्या फाइलींत र + हलन्त + जोडक शोधा आणि त्याजागी ऱ + हलन्त घाला. मराठीत त्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा, हे सगळे शब्द याच सापळ्यातले. पुढे फाइलीत शब्द शोधायला गेलात तरी हा घोळ आडवा येईल, त्यामुळे आजच करून टाका.

बाकी, साधा मजकूर म्हणजे सगळीकडे चालेल असं धरून चालू नका. २००४ साली जॉन ग्रुबरनं मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात तळटिपा नव्हत्याच. ही हंसपदाची पद्धत नंतरच्या विस्तारांतून आली, पीएचपी मार्कडाउन एक्स्ट्रा, मल्टिमार्कडाउन, आणि पॅनडॉकनं ती उचलली. २०१४ पासून कॉमनमार्क म्हणून नियमांची एक नीट संहिता आहे, तिच्यातही तळटिपा नाहीत. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर त्या २०२१ मध्ये आल्या. म्हणजे तुमची हीच फाइल एखाद्या साध्या मार्कडाउन प्रोग्राममध्ये उघडली तर खुणा जशाच्या तशा दिसतील. मजकूर हरवत नाही, एवढं मोठं समाधान. त्या खुणा वाचूनही माणसाला कळतं की कुठल्या शब्दाची टीप कुठली.

वेबवर तर परिस्थिती याहून जुनी आहे. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५ मधल्या ३.० मसुद्यात तळटिपेसाठी वेगळा टॅग सुचवला होता. तो मसुदा मागे पडला आणि आजही एचटीएमएलमध्ये तळटिपेचा स्वतःचा टॅग नाही. पॅनडॉक करतो ते म्हणजे खाली एक क्रमांकित यादी आणि वर तिचा दुवा.

---

विहीरकाठ

रात्रपाळी, ऱ बदलले. एकूण ३१२ ठिकाणी निघाले! पऱ्हाटी लागली.

आता पुढचा प्रश्न. वडिलांना इंग्रजी अंक नको आहेत. पॅनडॉक तळटिपेवर 1, 2 असे अंक घालतो. मी युनिकोडमध्ये वर चढवलेले देवनागरी अंक शोधले. तसे अंक सापडले, पण लावले की ते मागच्या अक्षराच्या डोक्यावरच बसतात.

---

पोथीवाचक

ते तळटिपेसाठी नाहीत. ते सामवेदाच्या स्वरांकनाचे अंक आहेत. सामगानाच्या पोथ्यांत अक्षराच्या माथ्यावर १, २, ३ असे अंक लिहून स्वर दाखवतात, त्यांच्यासाठी युनिकोडने देवनागरीच्या विस्तारित विभागात हे जोडअंक दिले. ते अक्षरावर बसणे हेच त्यांचे काम आहे. कृपया ते टिपांसाठी वापरू नका. उद्या कुणी तुमच्या मजकुरात शोध घेतला तर "नाडा" हा शब्द कदाचित सापडणारही नाही, त्यात स्वरचिन्ह अडकलेले असेल. वर चढवलेले इंग्रजी अंक युनिकोडमध्ये आहेत, देवनागरी नाहीत. साधा १ घेऊन तो चढवण्याचे काम मांडणीवर सोडावे.

अवांतर: आपण सगळे ज्याला हंसपद म्हणतो आहोत ते चिन्ह पोथ्यांत नेमके याच कामाचे होते. लेखकाकडून अक्षर गळाले की त्या जागी काकपद किंवा हंसपद काढायचे आणि गळालेला मजकूर समासात लिहायचा. वाचणारा खुणेवरून समासात जायचा आणि परत यायचा. मार्कडाउनमध्ये ही खूण पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

---

रात्रपाळी

पोथीवाचक काका, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

देवनागरी अंकांचं: छापील पुस्तकासाठी पॅनडॉक लाटेक या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामकडे मजकूर देतो, तिथं तळटिपेचा अंक छापणारी आज्ञा एका ओळीत देवनागरीकडे वळवता येते. एकदा साच्यात घातली की विसरून जायचं. वेबपानावर मात्र जपून. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीचे अंक देवनागरी करायची सोय आहे आणि लोक ती लावून मोकळे होतात. पण ती फक्त खालच्या यादीला लागते. मजकुरातला वर चढवलेला अंक हा यादीचा भाग नाही, साधा मजकूर आहे, म्हणून तो इंग्रजीच राहतो. वर 7, खाली ७. त्यासाठी पॅनडॉकनं पान बनवल्यावर एक छोटी स्क्रिप्ट फिरवून दुव्यातले अंक बदलावे लागतात. माझ्याकडे आहे, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

आणखी एक: मार्कडाउनमध्ये "१." असं देवनागरी अंकानं सुरू केलेली यादी यादी म्हणून ओळखली जात नाही, तिथं इंग्रजी अंकच लागतो. टिपेच्या नावात मात्र देवनागरी अंक बिनदिक्कत चालतो, कारण ते निव्वळ नाव आहे.

---

खिळेजुळारी

मी तीस वर्षे खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी होतो, नंतर ऑफसेटवर. मार्कडाउन वगैरे मला नातवाने दाखवले. पण धागा वाचून राहवले नाही.

खिळे जुळवताना तळटीप म्हणजे पान बांधणाऱ्याची परीक्षा. मजकूर बारा पॉइंटात, टीप आठ किंवा दहा पॉइंटात. ज्या पानावर खूण, त्याच पानाच्या तळाशी टीप बसली पाहिजे. शेवटच्या ओळीत खूण आली आणि टीप पाच ओळींची असली तर ती ओळ पुढच्या पानावर ढकलायची, मग त्या पानावरची दुसरी खूण ढकलली जायची, असे करत पूर्ण फर्मा पुन्हा बांधायचा. म्हणून आमच्याकडे बरीच वर्षे अंक घालतच नसत. प्रत्येक पानावर नव्याने चांदणी, दुसरी टीप असेल तर कट्यारीची खूण. पान बदलले तरी खुणा बदलाव्या लागत नसत.

आणि गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायच्या तबकात, आम्ही टीप कुठे ठेवत होतो ते सांगतो, कारण तुम्ही टिपा फाइलीच्या शेवटी ठेवता की मधे हे कुणी विचारले नाही. टीप त्या परिच्छेदाच्या लगेच खाली ठेवायची. पान बांधताना तिथून उचलून तळाला न्यायची. प्रूफ वाचणाऱ्याला शब्द आणि अर्थ एका नजरेत दिसायचे. टिपा वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या की एक तरी हरवणार, हे ठरलेले. तुमच्या चाळीस टिपा सरकल्या त्याचे कारण मला तेच वाटते.

---

विहीरकाठ

काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी "फर्मा" शब्दावर थांबवून त्याचाही अर्थ विचारला (एकदम छापायच्या पानांचा बांधलेला संच).

टिपा मी आजवर प्रकरणाच्या शेवटी ठेवत होतो. पॅनडॉकला त्या कुठेही चालतात, फक्त यादीच्या किंवा अवतरणाच्या आत नकोत आणि मागेपुढे एक ओळ कोरी हवी. आज मोटेचं प्रकरण तुमच्या पद्धतीनं लावलं. फरक पहिल्याच पानावर कळला. थारोळ्याच्या टिपेत मी "पाणी साठवण्याचा हौद" लिहिलं होतं. परिच्छेदाच्या खाली आणल्यावर वरच्या ओळीशी विसंगत दिसलं, कारण वर वडिलांनी लिहिलंय की मोट थारोळ्यात रिती होते आणि पाणी लगेच पाटाला लागतं. ते साठवायचं नसतं, पडायचं आणि वाहायचं असतं. प्रकरणाच्या शेवटी असताना ही चूक मी चार वेळा वाचूनही दिसली नव्हती.

---

ओलेती

वाचनखूण साठवली. मी मराठी विकिपीडियावर लिहिते, तिथं संदर्भ जागच्या जागी, वाक्यातच ref या टॅगमध्ये लिहायचा आणि लेखाच्या शेवटी संदर्भयादीचा साचा लावायचा. एका संदर्भाला नाव दिलं की तो दहा ठिकाणी वापरता येतो, यादीत एकदाच दिसतो. मार्कडाउनमध्ये एकच टीप दोनदा वापरली तर? आणि वाक्यातच टीप लिहायची सोय आहे का?

---

रात्रपाळी

वाक्यात लिहायची सोय पॅनडॉकमध्ये आहे. हंसपद कंसाच्या बाहेर काढायचं:

    पाणी थारोळ्यात^[मोट रिती होते ती दगडी जागा.] पडतं.

नाव लागत नाही. छोट्या टिपेला छान, पण एकाच परिच्छेदाची. मोठी टीप वाक्यात घातली की मूळ वाक्य वाचताच येत नाही. मी दहा शब्दांच्या पुढे गेलो की नाव देऊन खाली नेतो.

एकच नाव दोनदा वापरलं तर पॅनडॉक ती टीप दोनदा छापतो, दोन वेगळ्या अंकांनी. गिटहब एकदाच छापतो आणि परतीचे दोन बाण देतो. विहीरकाठ, तुमच्या पुस्तकात शब्द पहिल्यांदा येईल तिथंच टीप द्या.

प्रकरणांच्या वेगळ्या फाइली असतील तर अजून एक. सगळ्या एकत्र करताना दोन फाइलींत [^मोट] असेल तर नावं भिडतात. फाइल-स्कोप नावाचा पर्याय आहे, तो लावला की प्रत्येक फाइलीतली नावं त्या फाइलीपुरती राहतात.

---

माजघर

टिपेत दोन परिच्छेद असतील तर दुसऱ्या परिच्छेदाच्या आधी चार जागा सोडायच्या, नाहीतर तो टिपेतून निसटून मुख्य मजकुरात येतो. आईच्या पुरणपोळीच्या टिपेचा दुसरा परिच्छेद तसाच निसटून कृतीत घुसला होता आणि एका भाचीनं कटाची सामग्री पुरणात घातली.

आणि खूण शब्दाच्या शेवटी, विभक्तीचा प्रत्यय लागून शब्द पुरा झाल्यावर. "मोटे[^मोट]नं" असं काहीजण लिहितात, शब्द तुटतो आणि शोधताही येत नाही. "मोटेनं[^मोट]" लिहा. शब्दाची टीप शब्दाला चिकटून, पूर्ण वाक्याची टीप पूर्णविरामानंतर.

---

पोथीवाचक

एका मर्यादेची कल्पना देतो. शब्दार्थ आणि पाठभेद (वेगवेगळ्या पोथ्यांतील शब्दांचे फरक) अशा दोन प्रकारच्या टिपा एकाच पानावर वेगवेगळ्या हव्या असतील तर मार्कडाउन अपुरे पडते, त्यात टिपांचा एकच प्रवाह आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा. १९१९ ला काम सुरू झाले, १९६६ ला पुरे झाले. तिथे पाठभेद पानाच्या तळाशी आहेत, पण श्लोकात एकही अंक चढवलेला नाही. तळाची नोंद श्लोकाच्या क्रमांकाने लागते. श्लोक स्वच्छ वाचता येतो. ओव्या, अभंग टाइप करणाऱ्यांनी हीच रीत धरावी असे माझे आग्रहाचे मत आहे. गद्यासाठी हंसपद उत्तम.

---

पन्हळ

उशिरा आले धाग्यावर. आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्या आगरात मोट नव्हती, रहाट होता. रहाटाला गाडग्यांची माळ, आणि पाणी पोफळीच्या पन्हळीतून झाडांना. तुमच्या वडिलांनी रहाटाबद्दल काही लिहिलंय का? माझ्या आजीला अजून गाडगी बांधायची गाठ येते.

---

विहीरकाठ

पन्हळ ताई, लिहिलंय, एकच ओळ: "कोकणातून आलेल्या जावयाने मोट पाहून विचारले, गाडगी कुठे आहेत?" त्या ओळीला टीप नव्हती, कारण आम्हा दोघांनाही ती गाडगी कसली ते ठाऊक नव्हतं. आज वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि ही १४१ वी टीप त्यांनी सांगितली तशी घातली:

    [^रहाट]: कोकणातल्या आगरात मोटेऐवजी रहाट असे. त्याला गाडग्यांची
    माळ बांधत.

        हे आम्हाला रत्नागिरीकडच्या एका बाईंनी सांगितले. त्यांच्या आजीला
        ही गाठ येते. तिला विचारून गाठीचे चित्र इथे घालायचे आहे.

आजींना वेळ असेल तेव्हा गाठीचा एक फोटो पाठवाल का?